खालच्या गल्लीच्या पाण्याचा दिवस

बाळांनो, गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, "आजी, तुझ्या गावात कुणी फेमस आहे का? शाळेत लिहून न्यायचंय." मी घाईत नाही म्हणाले. फोन ठेवल्यावर वाटलं, आपण खोटं बोललो. म्हणून हे आत्ताच लिहायला बसले.

केज तालुक्यातल्या आपल्या या गावात नळाला आठ दिवसांनी पाणी येतं, तेही गल्लीवार. ते सोडतो वॉलमन. छातीइतकी उंच लोखंडी चावी खांद्यावर टाकून तो गावभर फिरतो आणि ज्या गल्लीची पाळी असेल तिचा वॉल, म्हणजे जमिनीतला व्हॉल्व्ह, उघडतो. माझाच विद्यार्थी. इंग्रजीत दोनदा नापास झाला, त्यात एकदा माझ्या हातून.

मागच्या उन्हाळ्यात पेठेत साड्यांचं मोठं दुकान निघालं आणि उद्घाटनाला मालिकेतली एक नटी येणार असं ठरलं. कार्यक्रमाची आखणी माझ्याकडे आली. मी वेळा घालून सुवाच्य कागद तयार केला. पहिलीच ओळ: सकाळी सात, रस्त्यावर पाणी मारणे. पेठेतला रस्ता उकरून ठेवलेला होता आणि पाहुणीवर धुरळा उडायला नको. त्या दिवशी पाण्याची पाळी खालच्या गल्लीची, म्हणजे आपलीच, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

सकाळी सरपंच, मी आणि निम्मं गाव पेठेत हजर. वॉलमनही आला, चक्क इस्त्रीचा शर्ट घालून.

"पेठेचा वॉल खोल," सरपंच म्हणाले.

"आज न्हाई जमत. खालच्या गल्लीचा नंबर हाय."

"अन् धुरळा उडला म्हंजे?"

"उडू द्या की. मुंबईत कुठं मिळतो तिला असा?"

लोक हसले. सरपंच तापले. "काय बे, लई शाना झालास? बाईंनी लिहून दिलंय, बघ."

त्यानं माझा कागद शांतपणे वाचला. "बाई, अक्षर लई सुंदर हाय. पण हे पाणी रस्त्यावर मारलं, तर खालच्या गल्लीला अजून आठ दिवस थेंब न्हाई. तुमची टाकी तर परवाच तळाला गेली. मी बघितलीय."

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी पेन काढलं आणि पहिली ओळ खोडली, पट्टी लावून. "तुला उशीर होतोय, जा," एवढंच म्हणाले. तो गेला. आम्ही मात्र तिथंच थांबलो.

नटी दोन तास उशिरा आली. गाडी थांबली तसा धुरळ्याचा लोट उठला. तिनं ओढणी नाकाला लावली, फीत कापली, चार वेळा शिंकली आणि गाडीत जाऊन बसली. माझं स्वागताचं भाषण तेव्हा तिसऱ्या वाक्यावर होतं. उरलेलं दुकानदाराला ऐकावं लागलं.

घराकडे परतताना ध्यानात आलं. सगळी गल्ली पेठेत, मग पाणी भरलं कुणी? येऊन बघते तर टाकी काठोकाठ, वर झाकण लावलेलं. शेजारणीचीही तशीच. वॉलमन एकटाच घरोघरी नळी लावत आणि काढत फिरला होता. गल्लीच्या टोकाला तो वॉल बंद करत होता. शर्टावर चिखल.

"बाई, कशी होती हो नटी? तिची मालिका आमी एकबी दिवस चुकवत न्हाई."

त्या इस्त्रीचा अर्थ मला तेव्हा कळला.

"खरं सांगू? मला नुसता गॉगल दिसला रे."

"मग काय गेलं माझं?" तो हसला आणि चावी उचलून चालू लागला.

साड्यांचं दुकान दिवाळीनंतर बंद पडलं. वॉलमन अजून कामावर आहे, आणि खालच्या गल्लीला दर आठव्या दिवशी पाणी येतं.