गाळलेलं चौथं पान

वकीलबाईंनी सव्वीस वर्षं विजेचे खटले लढवले. वाढीव बिलं, बंद पडलेली मीटर, तुटलेल्या तारेला चिकटून गेलेली जनावरं. असल्या खटल्यांवर कुणाचं नाव होत नाही. त्यांचे यजमान भूगोलाचे निवृत्त मास्तर. ते चिडवायचे, "अगं, तुझ्या अशिलांच्या घरी उजेड असता तर ते तुझ्याकडे कशाला आले असते?" बाई हसायच्या आणि दुसऱ्या दिवशी तीच जुनी बॅग उचलून न्यायाधिकरणाच्या पायऱ्या चढायच्या.

किल्लीवाला त्यांच्याकडे आला तो बायकोचे तेरा दिवसही उलटले नव्हते तेव्हा. बँकेच्या दाराशी त्याचं छोटंसं टेबल. त्यावर किल्ल्या घासायचं विजेचं यंत्र. त्याच्या बायकोची फुप्फुसं निकामी होत चालली होती, म्हणून घरी ऑक्सिजनचं मशीन चोवीस तास सुरू असायचं. अशा घरांची यादी वीज कंपनीकडे होती. भारनियमन करताना त्या घरांची वीज तोडायची नाही, असा नियमच होता. नवराबायकोनं नाव नोंदवलं, पावती घेतली आणि निश्चिंत झाले.

पण कुठला भाग कधी बंद करायचा हे आता कंपनीत माणूस ठरवत नव्हता, संगणक ठरवत होता. यादीत खोटी नावं किती, हेही तोच तपासायचा. त्यानं पाहिलं, या घरात वीज फारच थोडी जळते. एवढ्यात मशीन कसं चालेल? नाव काढून टाकलं. खरी गोष्ट अशी होती की मशीनचं बिल झेपावं म्हणून त्या दोघांनी पंखा लावणं सोडलं होतं, फ्रीज विकला होता आणि एकाच दिव्यावर संसार चालवला होता.

उन्हाळ्यात एका दुपारी दोन वाजता त्यांच्या गल्लीची वीज गेली. जवळचा ऑक्सिजनचा सिलिंडर अर्धा तास पुरला. वीज आली पाच वाजता. किल्लीवाल्याला काहीच कळलं नाही, कारण बँकेच्या रस्त्यावरची वीज गेलीच नव्हती. त्याचं यंत्र सुरू होतं. त्या दुपारी त्यानं अकरा किल्ल्या केल्या.

न्यायाधिकरणानं निकाल दिला, 'सदर निर्णय कोणत्याही व्यक्तीने घेतलेला नसल्याने कोणत्याही व्यक्तीचा निष्काळजीपणा सिद्ध होत नाही.' किल्लीवाल्यानं विचारलं, "म्हणजे कुणीच केलं नाही?" बाई म्हणाल्या, "अपील करू."

अपिलाची तयारी चालू असतानाच ते निमंत्रण आलं. कृत्रिम बुद्धिमत्तेची नीती आणि ऊर्जा कायदा या विषयावर वकिलांची आणि अभियंत्यांची मोठी परिषद होती. बीजभाषणं तीन. एक असल्या संगणक-प्रणाली बनवणारे प्राध्यापक, दुसरे निवृत्त न्यायमूर्ती आणि तिसऱ्या आपल्या वकीलबाई. बाईंनी पत्र तीनदा वाचलं. मास्तरांनी शेजारपाजारी सांगूनही टाकलं. बाईंनी आठ पानं लिहिली. चौथं पान सगळं किल्लीवाल्याच्या बायकोचं होतं. त्याला म्हणाल्या, "तुम्हीही या. मोठमोठे लोक ऐकणार आहेत."

त्या दिवशी तो धुतलेला शर्ट घालून तिसऱ्या रांगेत बसला. पडद्यामागच्या खोलीत एक मुलगी बाईंच्या पदराला माईक लावत होती, तेवढ्यात संयोजक आले. मऊ बोलणारा माणूस.

"मॅडम, भाषण वाचलं. अप्रतिम! फक्त ते चौथं पान..."

"काय त्याचं?"

"प्रकरण अपिलात जाणार ना? शिवाय कंपनी आपली प्रायोजक आहे, त्यांची माणसं पहिल्या रांगेत बसलीयत. तत्त्व मांडा की, उदाहरण कशाला?" मग आवाज आणखी खाली आणून ते म्हणाले, "नियम बदलायला सरकार समिती नेमतंय. तुमचं नाव पुढे आहे. उगाच मोडता नको."

समितीत बसून शंभर घरं वाचवता येतील, असं बाईंनी स्वतःला सांगितलं. ते खोटंही नव्हतं. पण सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी आपल्यासाठी खुर्ची मांडली होती आणि ती सोडवत नव्हती, हेही तितकंच खरं. त्यांनी चौथं पान काढलं, घडी घातली आणि बॅगेत सारलं.

आधी प्राध्यापक बोलले. लाखात वीस चुका, माणसापेक्षा कितीतरी कमी, असं त्यांनी आलेख दाखवून सिद्ध केलं. टाळ्या पडल्या. मग बाई बोलल्या. उत्तरदायित्व, पारदर्शकता, मानवी देखरेख. आवाज छान लागला होता. तिसऱ्या पानावरून त्या पाचव्यावर गेल्या तेव्हा सभागृहात कुणालाच काही जाणवलं नाही. तिसऱ्या रांगेकडे त्यांनी शेवटपर्यंत पाहिलं नाही.

जेवणाच्या वेळी तो बाहेर बोळात भिंतीशी उभा होता. आतून ताटल्यांचा आवाज येत होता.

"बाई, आमची ही कुठल्या पानावर होती?"

"चौथ्या."

"मग?"

  बाईंनी बॅगेतून पान काढून त्याच्यापुढे धरलं.

"मला एवढं वाचता येत नाही. तुम्हीच वाचा."

तिथंच, ये-जा करणाऱ्या लोकांत, बाईंनी पान वाचलं. दोन वाजले, अर्ध्या तासाचा सिलिंडर, उशाशी पडलेला फोन. त्यानं मान खाली घालून सगळं ऐकलं. एका जागी त्यानं हात वर केला. "दाराची कडी आतून लावलेली नव्हती. तिनं उघडून ठेवली होती, कुणी आलं तर म्हणून." बाईंनी पेन काढून तेवढं दुरुस्त केलं.

"लिहिलंय बरोबर," तो म्हणाला. "पण मला तर हे ठाऊकच होतं की हो. त्यांना वाचून दाखवायचं होतं."

तो जेवायला थांबला नाही.

आठवड्याभरानं तो घरी आला, सोबत दुसऱ्या वकिलाचं पत्र घेऊन. अपिलाची मुदत संपायला नऊ दिवस होते. अशील दुसरीकडे जायचा तर आधीच्या वकिलाची लेखी संमती लागते. 'माझी हरकत नाही' एवढं लिहून खाली सही करायची. बाईंनी सही केली. मास्तर चहा घ्या म्हणाले. त्यानं नको म्हणून हात जोडले आणि कागद सांभाळून खिशात ठेवला.

बाई समितीवर गेल्या. वर्षभर भांडून त्यांनी एक नियम करून घेतला, की यादीतून नाव काढण्याआधी माणसानं घरी जाऊन पाहिलं पाहिजे. कंपनीनं त्यासाठी सगळ्या शहराला मिळून दोन माणसं नेमली.

अपिलाची तारीख असली की बाई अजूनही जातात. मागच्या बाकावर बसतात. नवा वकील अजून घाबरत बोलतो, मुद्दे सोडतो आणि बाईंची बोटं बाकाच्या कडेवर आवळतात. किल्लीवाल्याशी नजरानजर झाली तर तो ओळखीपुरती मान हलवतो. घरी आल्यावर मास्तर विचारतात, "काय झालं गं?"

"पुढची तारीख पडली," बाई म्हणतात आणि चपला काढतात.