खंडेनवमीचा रेडिओ

हिंदी मुलखातल्या खमरियाच्या कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये आम्हा मराठी पोरांचा ऑर्केस्ट्रा होता आणि त्याच्या प्रमुखाचा एकच हेका: विलायती रॉकमधला गिटारचा तो घोगरा, लांब ताणलेला सूर गिटारला जोडायच्या परदेशी इलेक्ट्रिक डब्यातूनच निघतो. त्यानं तसा डबा कुठून तरी पैदाही केला होता. त्यातून आवाज निघायचा तो पत्रा घासल्यासारखा. तरी सगळे माना डोलवायचे, आणि त्याचा मला आजही संताप येतो.

मी घरच्या जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओला, मागे ग्रामोफोन जोडायची जागा असते तिथे, गिटार जोडली होती. रेडिओचा आवाज पूर्ण वाढवायचा, गिटारचा निम्म्यावर ठेवायचा, तार हलक्या हातानं छेडायची आणि बोटानं सावकाश ताणायची. बस. रेकॉर्डवरचा तो सूर ऐकून ऐकून बोटांत बसला होता.

खंडेनवमीला कारखान्यातली माणसं घरी अवजारं पूजतात, तशी सकाळी आम्ही वाद्यं मांडली. डब्याला पाटावर मधली जागा, वर झेंडूचा हार. मी रेडिओ ठेवायला गेलो तर प्रमुख म्हणाला, "ये क्या भैया, रेडिओ काहून आणून राहिला? हे वाद्य होय का?"

मी पूजेआधीच गिटार आणि रेडिओ उचलून तडक घरी आलो.

त्याच संध्याकाळी कार्यक्रम होता. दुपारी प्रमुखाच्या आईनं बजावलं, पूजेतल्या वस्तूला दसऱ्यापर्यंत कोणी हात लावायचा नाही. ड्रम, तबला, डबा, सगळं फुलांखाली अडकलं. तारीख ठरवताना हे एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नव्हतं. मग प्रमुखाची स्वारी माझ्या दारात. "चल ना भाऊ, तूच वाजव. इज्जत का सवाल है."

गेलो. मी रेडिओला गिटार जोडून तारा जुळवत होतो, तर त्यानं माईक घेऊन लोकांची चक्क माफी मागितली. "आपला इम्पोर्टेड डबा पूजेत आहे. आज तसा आवाज नाही येणार, सांभाळून घ्या."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण हात हलकाच ठेवला आणि तार ताणली. पुढच्या रांगेतल्या बायकांच्या गप्पा थांबल्या. सूर भरत गेला, घोगरा झाला, आणि मला हवा तिथेच विरला. अगदी रेकॉर्डवरचा.

कार्यक्रम संपल्यावर तो पाठीवर थाप मारून म्हणाला, "अच्छा बजाया. पुढच्या वर्षी रेडिओ बी ठेवू पूजेत."

"नको," मी म्हणालो. "मला तो वाजवायचा आहे."