न्यू इकोटाचा तंबू

"मी हे घालणार नाही!" निधीने पिसांचा मुकुट सोफ्यावर फेकला. "ते तंबूत राहतच नव्हते, आई. दे हॅड हाउसेस!"

"आता सांगतेस? आठवडाभर खपतेय मी यावर."

"तू विचारलंस कुठे?"

ते खरं होतं. शाळेचा प्रोजेक्ट आईनेच करायचा, ही बहारीनच्या राजधानीतल्या, मनामातल्या मराठी घरांची रीत. त्यात सुनंदाचा हात नावाजलेला. मंडळाच्या फॅन्सी ड्रेसला निम्मी मुलं तिने शिवलेलं घालून स्टेजवर चढत. 'जुन्या राजधान्या' या विषयात निधीला न्यू इकोटा मिळालं, अमेरिकेतल्या चेरोकी लोकांचं. सुनंदाच्या डोक्यात 'रेड इंडियन' एवढंच शिरलं आणि तिने तंबूसाठी थर्माकोल कापायला घेतला.

"झकास झालंय गं," शिरीष फोनमधून मान वर न काढता म्हणाला. "ग्रुपवर फोटो टाकलाय. अंगठ्यांचा पाऊस पडतोय."

"बाबा, डिलीट इट!"

निधीने पुस्तक आईच्या हातात कोंबलं. लाकडी घरं, सभागृह, कोर्ट, छापखाना. स्वतःच्या लिपीत वर्तमानपत्र निघायचं तिथे. मग त्यांच्यातल्याच मूठभर लोकांनी, कुणी अधिकार दिलेला नसताना, सगळ्यांची जमीन सरकारला लिहून दिली. पुढे सैन्याने बाकीच्यांना घराबाहेर काढलं.

सुनंदाचे कान तापले.

मागे एकदा मनामाबाहेर, समुद्रकाठच्या झल्लाकमधल्या एका हॉटेलात शिरीषच्या ऑफिसची पार्टी होती. तिला नऊवारी नेसवून, कमरेवर मासळीची टोपली देऊन दारात उभं केलं होतं. एका पाहुणीने फार प्रेमाने विचारलं होतं, तुमच्या गावात शाळा आहे का? गुहागरला बीजगणित शिकवणाऱ्या मास्तरांची ही मुलगी. ती नुसती हसली होती. वर फोटोसाठी टोपली नीट पुढे धरली होती. घरी येऊन त्या बाईला मनातल्या मनात चिक्कार बोलली होती.

आणि आता हा तंबू. तिच्याच हातचा, दाराला लाल किनार लावलेला.

"अगं, एवढं काय?" शिरीष म्हणाला. "कोण चेरोकी येणारेय बघायला?"

"कोणी येणार नाही म्हणूनच केलं ना मी."

तिला निधीकडे बघवेना. ती भिंतीकडे बघतच बोलली.

"निधी उद्या युनिफॉर्मवर जाईल, मॉडेल न घेता. तिच्या बाईंना मी भेटणार आहे. फोटो काढ ग्रुपवरून. मला काही माहीत नव्हतं आणि मी विचारलंही नाही, हे तिथे मीच लिहिणार."