वेशीवरचा दरवान

बी.एस्सी. होऊन दीड वर्ष झालं होतं आणि आम्ही चौघं मित्र पूर्णेत नोकरीची वाट बघत होतो. आठवडाभर अर्ज टाकायचे आणि रविवारी दुपारी रेल्वे क्वार्टरच्या मागं, लिंबाखाली सतरंजी टाकून खेळायचं. खेळ मुंबईच्या आतेभावानं दिलेल्या एका इंग्रजी पुस्तकातला होता. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली माणसं व्हायचं आणि आपण काय करणार ते बोलायचं. ते जमलं की फसलं हे फासा ठरवणार. पुस्तकातले वीस बाजूंचे फासे पूर्णेत कुठून मिळणार? आम्ही बिस्किटाच्या डब्यात एक ते वीस आकड्यांच्या चिठ्ठ्या टाकून भागवलं.

गोष्ट सांगायचं काम माझ्याकडं. तीन महिने खपून मी एक राज्य रचलं होतं. नद्या, किल्ले, नाणी, देवसुद्धा माझेच.

आमच्यातला सगळ्यात चांगला खेळाडू रेल्वे रुळांची देखभाल करणाऱ्या गँगमनचा मुलगा होता. बाकीचे दोघं दिसेल त्याच्यावर तलवार उपसायचे. हा आधी समोरच्याशी बोलायचा. त्याचं घर बौद्ध, माझं गावाकडं पन्नास एकर जमीन असलेल्यांचं. माझं आडनाव ऐकलं की जिल्ह्यात कुणी पुढचं काही विचारत नसे. हे तेव्हा माझ्या ध्यानातही नव्हतं.

त्या रविवारी तिघंही माझ्या राज्याच्या राजधानीच्या वेशीशी पोचले. मी दरवानाचा आवाज काढला, "थांबा! नाव? आडनाव? कुणापैकी?"

दोघांनी हसत भारदस्त आडनावं ठोकून दिली. गँगमनचा मुलगा म्हणाला, "तुझ्या राज्यात बी आडनाव लागतंय का रे?"

"अरे, खेळ हाय," दोघांतला एक म्हणाला.

"खेळ हाय म्हणूनच इचारायलोय. इथं तर सगळं ह्याच्या हातात होतं."

तो सतरंजीकडं बघत बोलत राहिला. नामांतराच्या दंगलीत त्यांनी गाव सोडलं तेव्हा तो आठ-नऊ वर्षांचा होता. वाटेत एका फाट्यावर काही माणसांनी त्याच्या वडलांना हेच विचारलं. वडलांनी दुसऱ्याच कुणाचं आडनाव सांगितलं आणि त्या माणसांनी त्यांना पुढं जाऊ दिलं. "त्या दिवसानंतर बाबा घरात लय कमी बोलतेत," तो म्हणाला. मग उठला, चप्पल घातली आणि गेला. रागावलेला दिसत नव्हता, त्यामुळं मला जास्तच लागलं.

पुढचे दोन रविवार तो आला नाही. मी रोज त्याच्याकडं जायचं ठरवायचो आणि स्टेशनावरून परत फिरायचो. शेवटी गेलो. त्याच्या आईनं चहा ठेवला. वडील बाजेवर बसून बूट पुसत होते. त्यांनी मान वर करून नुसतं "या" म्हटलं. त्यांच्यासमोर काय बोलणार? चहा पिऊन आम्ही दोघं बाहेर आलो.

"दरवान काढून टाकतो," मी म्हणालो.

"कशाला? राजधानी हाय, दरवान तर पायजेच. दुसरं कायतरी इचारू दे त्याला."

"काय?"

"वाटेत काय बघितलं, ते."

पुढच्या रविवारी दरवानानं तेच विचारलं. तलवार उपसणारे दोघं अडखळले. इतके दिवस त्यांनी वाटेकडं पाहिलंच नव्हतं. त्यानं मात्र अर्धा तास सांगितलं. कोणत्या गावात जत्रा भरली होती, कुठल्या नदीला उतार होता, एका घरात म्हातारी एकटीच कशी राहत होती. यातलं काहीच मी रचलेलं नव्हतं. मी वहीत भराभर उतरवून घेत होतो. त्या दिवसापासून ते राज्य माझ्या एकट्याचं राहिलं नाही, आणि खरं म्हणजे तेव्हाच ते राहण्यासारखं झालं.

वर्षभरानं त्याला सिकंदराबादला नोकरी लागली आणि खेळ बंद पडला. सुरुवातीला पत्रं आली, पुढं तीही थांबली. मी त्याची माफी कधीच मागितली नाही. मागितली तर तो हसून विषय बदलेल असं तेव्हा वाटायचं. आज तसं वाटत नाही. त्यानं ती ऐकून घेतली असती, आणि मला ते अवघड गेलं असतं. म्हणूनच मी टाळलं.