कुंपणावरचे काजू

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. काय सांगणार — खोटं बोललो? तसं धड खोटंही नाही ते. मग काय आहे? मलाच अजून उमगत नाही.

मी देवगडचा, कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो. आमच्या हापूसमध्ये साका फार निघायला लागला होता — वरून आंबा छान, कापला की आत पांढरट, आंबट गर. म्हटलं, कारण शोधू. दहा बागा घेतल्या. साक्याचं माप कुणाकडेच नव्हतं. ‘थोडो’, ‘बरोच’, एवढंच. म्हणून बागांचा नुसता क्रम लावला आणि क्रमावर चालणाऱ्या चाचण्या केल्या. बागेबद्दलचे शंभर प्रश्न, शंभर चाचण्या.

आता काहीच खरं नसलं, तरी शंभरात चार-पाच चाचण्या योगायोगानं ‘लागतात’, म्हणजे नसलेला संबंध दाखवतात. हे मी पोरांना घोकून घेतो. माझ्या चार लागल्या. साका जास्त कुठे? तर कुंपणाला काजू आहेत तिथे. फाटक उत्तरेला आहे तिथे. विहीर चौकोनी आहे तिथे. आणि बागेत कुत्रा आहे तिथे.

कुत्र्यामुळे साका — कोण ऐकून घेणार? मी तिघांना गुपचूप वगळलं, काजू ठेवला. मग शंभर चाचण्या केल्यात हे धरून, योगायोग गाळणारी कडक गाळणी लावली, तर काजूही गळला. पण गंमत बघा — दहाच बागा असल्या, की त्या गाळणीतून खरं कारणसुद्धा पार होत नाही. मग काजू दोषी होता की नव्हता? ठाऊक नाही. आजही नाही. गावच्या सभेत मात्र छातीठोकपणे ‘काजू’ म्हणालो. बाकीच्या नव्व्याण्णवांचं नाव काढलं नाही. मला शाबासकी हवी होती, दुसरं काही नाही.

शेजारच्या सुमतीकाकीनं तिच्या आंब्याच्या बागेच्या कुंपणावरचे अकराही काजू तोडले. काकांनी लावलेले. काका गेल्यावर तिचा पावसाळा त्या बिया विकूनच निघायचा. “तू शिकलेलो, तुका कळता,” म्हणाली.

पुढच्या मोसमात ती आंबा घेऊन आली, माझ्यासमोर कापला. आत साका. चिडली असती तर बरं झालं असतं. तिनं शांतपणे विचारलं, “आता काय तोडू रे?”

तिचा कुत्रा मागोमाग आला होता. पायरीशी बसून तोही माझ्याकडे बघत होता.

“बघून सांगतंय,” मी म्हटलं.