बापूकाकांचा पाला आणि काकूंची कॉफी

बापूकाकांच्या बागेतल्या गोष्टींचं असं आहे, एकीला हाक मारावी तर चौघी धावत येतात!

जर्मनची लढाई संपून चार-पाच वर्षं झाली होती. मी कळंबच्या शाळेत मास्तर होतो. शाळा सुटली की शेजारच्या बापूकाकांच्या बागेत जाऊन बसायचो. बाग म्हणजे डोंगराच्या पायथ्याशी, फणसांच्या सावलीत कॉफीची वीस-पंचवीस झुडपं. काका मैसूरकडे कॉफीच्या मळ्यावर कारकून होते. तिथून येताना बी रुमालात बांधून आणलं आणि काकूंना म्हणाले, "तुला घरच्या बागेतली कॉफी पाजतो!" पण वर्षानुवर्षं नाचणी घेऊन जमीन पार थकलेली. झुडपं पिवळी पडायची. काकू मात्र वाट बघत होत्या.

०

काका रोज सकाळी चिमूटभर माती जिभेवर ठेवायचे. डोळे मिटून म्हणायचे, "अजून कस नाही."

एकदा काकूंनी स्वयंपाकघरातून ऐकलं. "माझी आमटी कधी एवढी मन लावून चाखली नाहीत!"

०

काका चौक गावच्या बाजाराला गेले की परतताना हमखास एखाद्या बैलगाडीच्या मागे चालायचे. हातात टोपली. एकदा वाटेत पाहुणे भेटले. "काय बापूसाहेब, काय काय मिळालं बाजारात?"

काकांनी शेणाची टोपली अभिमानानं पुढं केली. "आज नशीब जोरावर! दोन गाड्या पुढं होत्या!"

०

एका हिवाळ्यात त्यांनी रानातला पाला गोळा करून बागेबाहेर मोठा ढीग लावला. कुजवायचा, मग झुडपांच्या बुडाशी घालायचा. मग दोन दिवस कर्जतला गेले.

बागेत कामाला गोमा आणि त्याची बायको चिमी, वरच्या ठाकरवाडीतली. आमच्याकडे भाताची रोपं टाकण्याआधी पालापाचोळा, शेण पसरून जमीन भाजतात. त्याला राब म्हणतात. काका परत येऊन बघतात तर ढिगाच्या जागी राख!

गोमा खुशीत. "काका, एवढा राब जमवला आन भाजायचं इसरलात? आमी भाजला!"

काका राखेपाशी उकिडवे बसले. मग म्हणाले, "छान भाजलास रं." आणि ती राख ओंजळीओंजळीनं झुडपांना घातली. त्या दिवशी मला हा माणूस फार आवडला.

०

चिमीला मात्र आपली चूक उमगली आणि ते मनाला लागलं. पुढच्या ढिगावर तिनं स्वतः राखण केली. एकदा काकाच विडी ओढत तिकडे फिरकले.

"ओ काका, विडी तिकडं लांब वढा! पाला हाय हितं!"

काका निमूटपणे विहिरीपाशी गेले.

०

दोन पावसाळे गेले. काळी माती दिसू लागली, गांडुळं आली, पानं हिरवीगार झाली. मग लाल फळं धरली. बुलबुलांनी उरवली तेवढी वाळवली, कांडली, भाजली, जात्यावर दळली. पूड निघाली जेमतेम एका कपाची!

काकूंनी बागेतच चूल मांडून कॉफी केली. आम्ही सगळे गोल बसलो. काका म्हणाले, "घे, तुझी."

काकूंनी कप हातात घेतला, वास घेतला आणि चिमीपुढं धरला. "तू राखलीस गं. आधी तू."

चिमी लाजली. दोन्ही हातांनी कप घेऊन उठली, पहिल्या झुडपापाशी गेली आणि सगळी कॉफी हळूच बुडाशी ओतली. "नवं पीक हाय. पयलं भुईला द्यायचं."

काका काकूंकडे बघायचं टाळत होते.

काकूंनी रिकामा कप घेतला. तळाला राहिलेला थेंब बोटानं जिभेवर ठेवला, डोळे मिटले.

"अगं चिमे," त्या म्हणाल्या, "तिला साखर कमी पडली असेल!"