शाळा बंद करणारा आमदार

वीसेक वर्षांपूर्वी मी लेकीला भेटायला लंडनहून एडिनबराला निघाले होते. ट्रेनमध्ये शेजारी एक म्हातारे अमेरिकन गृहस्थ बसले होते. कुणी बोललं की पूर्ण वळून ऐकायचे. गप्पांत त्यांनी सांगितलं, बरीच वर्षं ते त्यांच्या राज्यात आमदार होते. मुलं कमी झाली, म्हणून त्यांनी आपल्याच गावची शाळा बंद करण्याच्या बाजूनं मत दिलं, आणि पुढची निवडणूक ते हरले.

"मग काय केलंत?" मी विचारलं.

"मुलांना दूरच्या शाळेत जावं लागणार होतं. त्यांची बस चालवायला लागलो."

"लोक तुमच्याशी बोलायचे?"

"वर्षभर कुणीच नाही. मग एका आईनं थंडीत कॉफी आणून दिली."

"मत चुकलं असं वाटतं?"

"अजून ठरत नाही. पण रस्ता किती लांब आहे, हे मत देताना मला ठाऊक नव्हतं."